पन्हे, पाणपोई आणि नाशिकचा उन्हाळा

१/ चैत्र लागला की नाशिकच्या जुन्या वाड्यांतून कैऱ्या उकडल्याचा वास येऊ लागतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे हवेच. हे पेय किती जुने, आणि उन्हाळ्यात असा गारवा कोणाच्या वाट्याला येत असे, याविषयीचा हा धागा.

२/ 'पन्हे' हा शब्द संस्कृत 'पानक' या शब्दातून आला. सुश्रुतसंहितेत पानकांचे गुणधर्म सांगितले आहेत: गुळाचे, आंबट घालून वा न घालता, फालशाचे, बोरांचे, आणि श्रम, दाह व तहान शमवणारे द्राक्षांचे. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून आपण मात्र कैरीलाच धरून बसलो, ही गंमतच! बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लासा'त अन्नभोगाबरोबर पानीयभोगाचेही वर्णन येते.

३/ घरची कृती मात्र साधी. कैऱ्या उकडाव्या किंवा निखाऱ्यावर भाजाव्या (भाजलेल्यांना धुराची चव येते, मला तीच प्रिय). गर काढून त्यात साधारण दुप्पट गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ आणि ऐपत असेल तर केशर. हा घट्ट गर ठेवून द्यावा आणि आयत्या वेळी माठातल्या पाण्यात कालवावा. घामावाटे गेलेले मीठ आणि पाणी दोन्ही भरून निघतात.

४/ ग्रंथांतले पानक रोग्याचे किंवा राजाचे. वाटसरूचे काय? त्याचे उत्तर पांडवलेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर 'सभा' व 'प्रपा', म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया, उभारल्या. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही नोंद आहे.

५/ त्याच डोंगरावर इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाच्या लेखात चैत्यगृहाबरोबर 'पोढी'ही आहेत, म्हणजे पाण्याची टाकी. परका माणूस येथे येऊन पाण्याची सोय करतो, हे मला त्या लेखातले सर्वांत सुंदर वाटते.

६/ पण प्रपा सर्वांसाठी असते, हे गृहीत धरू नये. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

७/ आणि नाशिक? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; दादासाहेब गायकवाड त्याचे स्थानिक आधारस्तंभ होते. त्या वर्षीच्या रामनवमीच्या उत्सवात रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. रामनवमी चैत्रगौरीच्याच दिवसांत येते. म्हणजे पंचवटीच्या रस्त्यांवर दगड पडत होते, तेव्हा घरोघरी पन्ह्याचे पेले फिरत होते. आणि हळदीकुंकवाच्या त्या बैठकीत विधवेलाही बोलावणे नसे.

८/ पांडवलेण्यांत गेलात तर दहाव्या लेण्याच्या ओसरीतच थांबा. उषवदाताचा लेख मागच्या भिंतीवर, छताखाली लांबच लांब ओळींत आहे. सकाळी लवकर जा, चढ उन्हाचा आहे. पन्ह्याची बाटली सोबत असू द्या.