आजी, तुम्हाला विचारलं का?

आमच्या बचत गटात ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करत नाही की अंगठा देत नाही. वैद्यकीय संशोधनात मात्र हा साधा नियम रुजायला फार वेळ लागला. त्याची गोष्ट आज सांगतो.

सन १९६३, जुलै महिना. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जुनाट आजारांचं एक ज्यू रुग्णालय होतं. आजारानं खंगलेली, बरीचशी वयस्क माणसं तिथं होती. अशा अशक्त शरीरातून कर्करोगाच्या पेशी किती लवकर नाहीशा होतात, हे डॉ. चेस्टर साउदम यांना पाहायचं होतं. २२ रुग्णांना जिवंत पेशी टोचल्या. तुमची प्रतिकारशक्ती तपासतोय, एवढंच सांगितलं. कर्करोगाचं नावही काढलं नाही.

तिथल्या तीन तरुण डॉक्टरांनी टोचायला नकार दिला आणि नोकरी सोडली. रुग्णालयाच्या संचालक मंडळावरचे वकील विल्यम हायमन कागदपत्रं पाहण्यासाठी कोर्टात गेले. साउदम यांना वर्षभर देखरेखीखाली ठेवलं, पण त्यांची डॉक्टरकी चालूच राहिली. १९६६ मध्ये डॉ. हेन्री बीचर यांनी अशी अनेक उदाहरणं छापून आणली, आणि १९७४ मध्ये तिथं संशोधन तपासणाऱ्या समित्यांचा कायदा झाला.

वृद्धाश्रमात आजही हेच अवघड आहे. ज्यांच्या हातून जेवण, औषध, आंघोळ, त्यांना नाही कसं म्हणायचं? कुणाला ऐकू येत नाही, कुणाला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. म्हणून म्हाताऱ्यांना वगळावं, तर तेही बरोबर नाही. औषधं सर्वांत जास्त तेच घेतात. तरण्या शरीरावर तपासलेली मात्रा त्यांना सोसेल का, हे कळणार कसं?

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. संस्थेत राहणाऱ्यांची जास्त काळजी घ्या, वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार ठेवा, आणि नकार दिला म्हणून उपचार अडवू नका, असं ते सांगतात.

तेव्हा आपल्या गावच्या आजी-आजोबांकडे कुणी तपासणीचा कागद घेऊन आलं, तर शेजारी बसा आणि विचारा: हे उपचार आहेत की संशोधन? त्रास काय होऊ शकतो? नाही म्हटलं तर काय? उत्तरं आजींना त्यांच्या बोलीत समजू द्या. आज समजलं, तरी उद्या पुन्हा विचारा. मगच अंगठा.