कुंभकोणम, पुणे आणि रसायनशास्त्राचे कुलूप

1903च्या सुमारास कावेरीकाठच्या कुंभकोणम येथील सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले एक पुस्तक श्रीनिवास रामानुजन या शाळकरी मुलाच्या हाती आले. जॉर्ज कार यांचा हा सूत्रसंग्रह तेव्हाच जुना झाला होता. युरोपातील गणित त्यापुढे गेले होते, पण तिथली नवी नियतकालिके या गावापर्यंत येत नव्हती. पुढे रामानुजन यांनी स्वतंत्रपणे शोधलेले अनेक सिद्धान्त युरोपात आधीच प्रसिद्ध झालेले निघाले. उणीव बुद्धीची नव्हती, वाचनाची होती.

ही उणीव त्या काळी इतरांनाही जाणवत होती. 1907 साली व्ही. रामस्वामी अय्यर या सरकारी अधिकाऱ्याने मोजक्या गणितप्रेमींना एकत्र आणून एक मंडळ स्थापन केले. एकट्याला न परवडणारी परदेशी नियतकालिके सर्वांच्या वर्गणीतून घ्यायची आणि टपालाने सभासदांत फिरवायची, ही त्यामागची कल्पना. मंडळाचे ग्रंथालय पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात होते. याच मंडळाची पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली आणि तिच्या नियतकालिकात 1911 साली रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला.

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना हे त्याच कल्पनेचे राष्ट्रीय रूप म्हणता येईल. तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिके आणि 6,300हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. त्यामुळे लहान गावातील सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकालाही नवे संशोधन वाचता येईल. मात्र पहिल्या टप्प्यात खासगी संस्था बाहेर आहेत, आणि वर्गणी थांबली की दारही बंद होणार.

वर्गणीने वाचकाची सोय होते, निबंध मुक्त होत नाही. तो मुक्त करणे लेखकाच्या हाती असते, आणि इथे रसायनशास्त्रज्ञ दीर्घकाळ मागे राहिले. भौतिकशास्त्रज्ञांनी छपाईपूर्वीच निबंध खुले करणारे अर्काइव्ह 1991 साली सुरू केले. रसायनशास्त्राचे केमअर्काइव्ह त्यानंतर 26 वर्षांनी, 2017 साली आले. हा संकोच निष्कारण नव्हता. रेणूची रचना वेळेआधी उघड झाली तर पेटंटचा हक्क धोक्यात येतो. आधी खुला केलेला निबंध काही प्रतिष्ठित नियतकालिके स्वीकारत नसत. शिवाय या विषयातील मोठ्या विद्वत्सभांचे उत्पन्नच नियतकालिकांवर उभे आहे. मुक्त प्रकाशनासाठी लेखकाकडून आकारले जाणारे भरमसाट शुल्कही भारतीय प्रयोगशाळांना जड जाते.

तरीही शुल्काविना एक वाट आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्या 2014च्या धोरणानुसार, त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत संस्थेच्या खुल्या संग्रहात ठेवणे अपेक्षित आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचे ‘जर्नल ऑफ केमिकल सायन्सेस’ अकादमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते.

1907 सालच्या त्या मंडळींनी विकत घेतलेली विद्या आपसांत वाटून घेतली. आज भारतीय रसायनशास्त्रज्ञाचा स्वतःचा निबंध, सरकारी पैशावर झालेला, प्रकाशकाच्या कुलपात जातो आणि तोच वाचण्यासाठी देश पुन्हा वर्गणी भरतो. पेटंटचा अर्ज दाखल झाल्यावर, निबंध स्वीकारला गेल्यावर, त्याची एक प्रत खुल्या संग्रहात ठेवली, तर कुंभकोणमसारख्या गावातील पुढच्या विद्यार्थ्याला आधीच लागलेला शोध पुन्हा लावत बसावे लागणार नाही.