चुना, हृदय आणि पेशीचा सांगाडा

चुना म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें घराची भिंत किंवा विड्याचें पान उभें राहतें. आणि त्यांतील मूळद्रव्य जें कॅल्शियम, तें हाडांच्या बांधकामाचें साहित्य होय, एवढेंच बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असतें. वस्तुतः हेंच द्रव्य शरीरांतील प्रत्येक पेशीस हालचालीची आज्ञा पोंचविणारा दूत आहे. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या गळीं उतरण्यास सुमारें ऐंशीं वर्षें लागलीं. ती वारंवार दृष्टीआड कां झाली, हें पाहण्यासारखें आहे.

लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील वैद्य सिडनी रिंगर हे बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यावर तें किती वेळ चालतें, याचे प्रयोग करीत होते. १८८२ सालच्या त्यांच्या निबंधावरून असें दिसे कीं, हृदयास साधें मिठाचें पाणी पुष्कळ वेळ पुरतें. परंतु पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, तें पाणी ऊर्ध्वपातित नसून शहरांतील नळाचें होतें. शुद्ध पाणी वापरतांच हृदयाचे ठोके मंदावून थांबूं लागले. त्यांत कॅल्शियमचा अल्पसा क्षार घालतांच तें पुन्हां चालूं लागलें. १८८३ सालीं रिंगर यांनीं हें सर्व मोकळेपणानें छापून प्रसिद्ध केलें. ज्यास मळ समजावें, तेंच हृदयाचें जीवन ठरलें!

एवढा स्पष्ट पुरावा असूनही त्याचा अर्थ कोणीं पुरता ओळखला नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हंगेरींतील सेगेद येथें आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेंत स्नायूंचें रहस्य उलगडूं लागलें. तेथें १९४२ सालीं स्ट्राउब यांनीं ॲक्टिन हें प्रथिन वेगळें काढलें. ॲक्टिनचे तंतु आणि मायोसिन एकत्र करून त्यांत एटीपी हें शक्तिदायी द्रव्य मिसळलें कीं कांचपात्रांतही आकुंचन घडे. मग कॅल्शियमची गरज ती काय? उलट, जपानांत कामादा व किनोशिता यांनीं १९४३ सालीं आणि अमेरिकेंत हाइलब्रुन व विएर्चिन्स्की यांनीं १९४७ सालीं स्नायुतंतूंत निरनिराळे क्षार टोंचून असें दाखविलें कीं, अल्प प्रमाणांत तंतूचें आकुंचन घडविणारें द्रव्य कॅल्शियमच होय. यावर ए. व्ही. हिल यांच्या गणिताचा मोठा अडसर आला. तंतूच्या पृष्ठभागावरून निघालेलें कोणतेंही द्रव्य पाझरत पाझरत इतक्या अल्प काळांत मध्यापर्यंत पोंचणें शक्य नाहीं, असें तें गणित सांगे. गणित बरोबरच होतें. परंतु आज्ञा देणारें द्रव्य बाहेरूनच आलें पाहिजे, असा नियम कोठें होता?

हा गुंता सोडविण्याचा मोठा मान तोक्योचे सेत्सुरो एबाशी यांच्याकडे जातो. न्यूयॉर्कमध्यें फ्रित्स लिपमान यांच्याजवळ काम करतांना त्यांस आढळलें कीं, स्नायूंतील सूक्ष्म पिशव्या एटीपीच्या बळावर कॅल्शियम आंत ओढून सांठवितात. त्याच सुमारास हायडेलबर्ग येथें हासेलबाख व माकिनोसे यांनींही तेंच दाखविलें. म्हणजे कोठार तंतूच्या आंतच होतें! तरीही एक कोडें उरलें. कच्च्या ॲक्टिन-मायोसिनवर कॅल्शियमचा परिणाम होई. तींच प्रथिनें पूर्ण शुद्ध केलीं कीं तो नाहींसा होई. शुद्धीकरणांत जें वाहून जात होतें, त्याचाच एबाशींनीं शोध घेतला, आणि १९६५ सालीं अयाको कोदामा यांच्यासह त्यांनीं ट्रोपोनिन हें प्रथिन जगापुढें मांडलें. ॲक्टिनच्या तंतूवर ट्रोपोमायोसिन आडव्या कडीसारखें पडलेलें असतें. कॅल्शियम ट्रोपोनिनास येऊन चिकटलें कीं ही कडी सरकते आणि मायोसिनास पकड मिळते.

पुढें कळून आलें कीं, ही व्यवस्था केवळ स्नायूंची नव्हे. १९६६ सालीं हातानो व ओसावा यांनीं एका बुरशीसदृश क्षुद्र जीवांतून ॲक्टिन काढलें. आणि जंतूंचा पाठलाग करणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींचा आंतील सांगाडाही त्याच तंतूंचा असल्याचें दिसून आलें. हाडांचा सांगाडा वर्षानुवर्षें टिकतो. हा मात्र क्षणोक्षणीं मोडतो व नव्यानें उभा राहतो. १९७९ सालीं हेलन यिन व टॉमस स्टॉसेल यांनीं शोधलेलें जेलसोलिन हें प्रथिन कॅल्शियमचें प्रमाण वाढतांच ॲक्टिनचे तंतु तोडतें व पेशीतील घट्ट रस पातळ करतें. चेउंग व काकिउची यांनीं १९७० सालीं स्वतंत्रपणें शोधलेलें कॅल्मोड्युलिन रक्तवाहिन्या व आंतडीं यांच्या स्नायूंत ट्रोपोनिनाचें काम दुसऱ्या रीतीनें करतें: तें एका विकरास जागें करतें, व तें विकर मायोसिनास कामास लावतें. पेशीच्या आंत कॅल्शियम बाहेरच्या सुमारें दहा-हजारांश असतें. म्हणूनच त्याची किंचित् चाहूलही ऐकूं येते. निजानीज झालेल्या घरांत कडीचा आवाज जसा सर्वांस जागें करतो, तसाच हा प्रकार आहे.

आज छातींत कळ येऊन कोणास इस्पितळांत नेलें, तर डॉक्टर रक्तांतील ट्रोपोनिन तपासतात. कारण हृदयाच्या पेशी मेल्या कीं तें प्रथिन रक्तांत उतरतें. शेजारच्या खाटेवरील रोग्यास जें सलाइन लावलेलें असतें, त्याच्या बाटलीवरही बहुधा रिंगर यांचें नांव असतें. शास्त्रालाही आपलें सोवळें असतें. तें पाळल्यावांचून कोणतीच परीक्षा विश्वासार्ह होत नाहीं. परंतु सोवळ्यांत जें बाजूस सारलें, तें पुन्हां एकदां उचलून पाहण्याइतकी सावधगिरी रिंगर व एबाशी यांनीं दाखविली नसती, तर आपल्या हृदयाचा हा दूत आणखी कित्येक वर्षें दारांतच तिष्ठत राहिला असता.