दहा-बारा जणांची सोय

परदेशातल्या मराठी घरांत कुणी ना कुणी सॉफ्टवेअरमध्ये असतंच, त्यामुळे ‘मेक’ हे नाव अनेकांच्या कानावरून गेलं असेल. प्रोग्रामच्या असंख्य फाइलींपैकी कोणत्या बदलल्या ते पाहून तेवढ्याच पुन्हा कंपाइल करून घेणारं हे टूल. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. निमित्त सहकाऱ्याच्या वैतागाचं. स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका चुकीमागे गेली होती. चूक आधीच दुरुस्त झालेली, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती.

मेकच्या फाइलीत आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. आठ स्पेस दिल्या तर पडद्यावर ओळ हुबेहूब तशीच दिसते, पण मेक अडून बसतं. का? फेल्डमन यांनी पुढे सांगितलं, की तेव्हा अगदी नव्या असलेल्या ‘लेक्स’ या टूलशी पहिल्याच प्रयत्नात गुंता झाला, म्हणून नवी ओळ आणि टॅब एवढा सोपा नियम धरला. काही आठवड्यांत वापरणारे डझनभर झाले, बहुतेक मित्रच. त्यांचं काम बिघडू नये म्हणून नियम तसाच राहिला.

मला यात आळस दिसत नाही. टूलचा कर्ता हाकेच्या अंतरावर असताना सविस्तर मॅन्युअल लागतं कुणाला? युनिक्सचं १९७१चं पहिलं मॅन्युअलही याच वळणाचं: नेमकं, तुटक, जाणत्याला आठवण करून देणारं. त्यात ‘बग्ज’ असा मथळा देऊन दोषही नोंदवलेले असत. हा प्रामाणिकपणा आजच्या चकचकीत मॅन्युअलांत क्वचितच सापडतो.

पण युनिक्स त्या इमारतीत राहिलं नाही. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टी कंपनीला सॉफ्टवेअरच्या धंद्यात पडता येत नव्हतं. विद्यापीठांना युनिक्स मिळे, ते मदतीच्या हमीविना. पुढे ग्नू मेक ‘आठ स्पेसऐवजी टॅब हवा होता का?’ असं विचारू लागलं. म्हणजे चूक कळते, तरी थांबतंच! २०१०च्या ३.८२ आवृत्तीत टॅबऐवजी दुसरं चिन्ह निवडण्याची सोय आली, पण जुन्या फाइलींसाठी मूळ नियम कायम.

संशोधनात हे आजही घडतं. विद्यार्थी स्वतःपुरता प्रोग्राम लिहितो आणि पदवी घेऊन निघून जातो. नोकरीसाठी शोधनिबंध मोजले जातात, मॅन्युअल कुणी मोजत नाही. नंतर आलेली विद्यार्थिनी आठवडाभर झगडते, आपल्यालाच हे जमत नाही असं समजते, आणि शेवटी त्याचा नवा ईमेल पत्ता शोधत बसते.