जिभेचा नकाशा आणि वाईनचे ग्लास

मागे मुलीकडे गेलो होतो. जावईबापूंनी कपाटातून वाईनचे चार तऱ्हेचे ग्लास काढून दाखवले. लाल वाईनचा मोठ्या पोटाचा, पांढरीचा त्याहून लहान, शॅम्पेनचा उंच नळीसारखा... मी म्हटलं, "अहो, ग्लास तो ग्लास! त्यात एवढं काय?" ते म्हणाले, "बाबा, ग्लासच्या आकारावर वाईन जिभेच्या कुठल्या भागावर पडते ते ठरतं. टोकाला गोड कळतं, कडेला आंबट आणि मागे कडू."

मी गप्पच झालो. हा जिभेचा नकाशा मी पाचवीच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढला होता! घरी येऊन या विषयावर वाचत बसलो.

युरोपात काचेचे पेले फार जुने. आगीच्या भीतीने व्हेनिसने 1291 मध्ये आपल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथे पंधराव्या शतकात स्फटिकासारखी स्वच्छ काच तयार झाली. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये शिसं घातलेल्या चकचकीत काचेचं पेटंट घेतलं. पुढे 1745 च्या कायद्याने तिथे काचेवर वजनानुसार कर बसला आणि ग्लास हलके, लहान झाले. थोडक्यात, ग्लासचा आकार ठरवण्यात चवीपेक्षा भट्टी आणि तिजोरी यांचा हात मोठा होता. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या टेबलावर वेगवेगळ्या वाईनसाठी वेगवेगळे ग्लास आले, पण त्यात थाटच जास्त.

हे चित्र बदललं ते ऑस्ट्रियाच्या क्लाऊस रीडेल यांनी. त्यांचं घराणं बोहेमियातलं, 1756 पासून काचेच्या धंद्यातलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथलं सगळं गेलं आणि 1956 मध्ये कुफस्टाईन गावी त्यांनी नव्याने सुरुवात केली. 1958 मध्ये त्यांनी बर्गंडीच्या लाल वाईनसाठी पातळ काचेचा, लिटरभर मावेल असा ग्लास केला. नक्षी नाही, रंग नाही. तो आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. 1973 मध्ये तर वेगवेगळ्या वाईनसाठी वेगवेगळ्या आकारांची मालिकाच आली. अशा ग्लासांचं समर्थन करताना पुढे जिभेचा नकाशा पुढे केला जाऊ लागला.

आता हा नकाशा कुठला? हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने 1901 मध्ये जिभेच्या कडेकडेने चव तपासली. त्याला फरक आढळला, पण अगदी थोडा. 1942 मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात त्याचा आलेख असा काढला की वाचणाऱ्यांना वाटलं, जिथे चव कमी कळते तिथे ती कळतच नाही. 1974 मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा तपासलं, तर फरक क्षुल्लक निघाला. जिथे चवीच्या कळ्या आहेत, तिथे सगळ्याच चवी कळतात. तोवर नकाशा मात्र शाळाशाळांत पोचला होता.

मग ग्लास खोटे का? तसंही नाही. काम जिभेवर नाही, नाकाशी होतं. 2015 मध्ये टोकियोच्या संशोधकांनी ग्लासच्या तोंडाशी येणाऱ्या मद्यार्काच्या वाफेची छायाचित्रं घेतली. 13 अंशांच्या वाईनवर वाईनच्या ग्लासात वाफेचं कडं काठाशी दिसलं, मध्ये ती कमी होती. म्हणजे मध्यभागी मद्यार्काचा झणका न बसता वास घेता येतो. सरळ ग्लासात असं कडं दिसलं नाही. म्हणून पोट मोठं, तोंड आवळतं आणि ग्लास तिसरा हिस्साच भरायचा. दांडी धरायची ती तळहाताची ऊब लागू नये म्हणून. शॅम्पेनच्या ग्लासचं तोंड अरुंद, कारण पसरट ग्लासात बुडबुडे लवकर उडून जातात. एवढं कळलं की चार-चार ग्लास नसले तरी चालतं.

असो. मला राहून राहून आठवतो तो वर्गातला एक मुलगा. डब्यातलं मीठ जिभेच्या टोकावर ठेवून तो म्हणाला होता, "सर, इथंपण खारट लागतंय." मी म्हटलं, "पुस्तकात काय दिलंय ते बघ आणि खाली बस." तो बसला. आज तो पन्नाशीला आला असेल. त्याने प्रयोग केला होता, मी फक्त नकाशा काढला होता.

मंडळी, तुम्हीही चिमूटभर मीठ घेऊन बघा आणि काय वाटलं ते कळवा. त्याचं बरोबर होतं, एवढं तरी इथे लिहून ठेवतो.