खारपाणाचा नकाशा

वऱ्हाडाला समुद्र नाही. तरीही १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे मिठाचा सत्याग्रह झाला, तो विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर. पूर्णेच्या गाळातले हे क्षार अमरावती-अकोल्याच्या खारपाण पट्ट्यात शेतीला आणि पिण्याच्या पाण्याला आजही बाधतात.

१९८८ साली ‘आयआरएस-१ए’ हा उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. जमिनीवर फुटलेले क्षार उपग्रहाच्या प्रतिमेत पांढुरके दिसतात. भूगर्भातील पाण्याचा खारेपणा मात्र विहिरीचा नमुना तपासल्याविना कळत नाही. निचरा नसलेल्या काळ्या चिकण मातीला असे पाणी दिले, तर ती घट्ट होऊन नापीक बनते. म्हणूनच सिंचनाचा निर्णय केवळ प्रतिमेवर सोडता येत नाही. सत्याग्रहींना मीठ देणाऱ्या विहिरींची साक्ष या नकाशालाही हवीच.