विच्छेदन, प्राणिविज्ञान-अध्यापनातील

प्राण्याचे शरीर रीतसर उघडून त्यातील इंद्रियांची रचना व परस्परसंबंध प्रत्यक्ष पाहणे म्हणजे विच्छेदन होय. सामान्य जीवविज्ञानाच्या अध्यापनात ते रूढ होण्यास मुख्यतः टॉमस हेन्‍री हक्सली यांचे कार्य कारणीभूत झाले. त्यांनी १८७२ मध्ये लंडनमधील साउथ केन्झिंग्टन येथे शिक्षकांसाठी प्रयोगशाळेतील वर्ग चालविला आणि १८७५ मध्ये एच. एन. मार्टिन यांच्यासह प्रात्यक्षिकांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. निवडक प्रातिनिधिक प्राण्यांवरून संपूर्ण गटाची कल्पना देण्याची ही पद्धत भारतातही आली. मात्र वर्णने परदेशी प्राण्यांची आणि मेजावर प्राणी देशी, अशी विसंगती येथे होती. लखनौचे प्राणिवैज्ञानिक कर्म नारायण बहल यांच्या ‘फेरेटिमा’ या भारतीय गांडुळावरील ग्रंथाने (१९२६) ती दूर करण्यास आरंभ झाला.

पुढे परीक्षापद्धतीमुळे या प्रात्यक्षिकाला बरेच यांत्रिक रूप आले. नेमून दिलेला भाग उघडा करावयाचा, त्यावर टाचणीने चिठ्ठी लावावयाची व आकृती काढावयाची, एवढ्यावर काम संपे. असे विच्छेदन संगणकाच्या पडद्यावर नेल्याने विद्यार्थ्याचे फारसे नुकसान होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

बेडकाच्या विच्छेदनाचा ‘ऑपरेशन फ्रॉग’ हा संगणकीय कार्यक्रम १९८४ मध्ये विक्रीस आला. १९९४ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने बेडकाच्या शरीराच्या क्रमवार छेदांवरून त्रिमितीय प्रतिमा तयार केली. दोन्ही पद्धतींच्या तुलनेच्या दृष्टीने मात्र व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. शरीररचनेच्या ज्ञानात व्हिडिओ डिस्कवर शिकलेले विद्यार्थी प्रत्यक्ष विच्छेदन करणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत; शिवाय तिचा पूर्वतयारी म्हणून उपयोग केलेल्यांचे नंतरचे विच्छेदन अधिक चांगले झाले.

पडद्यावरील बेडूक दर वेळी तोच असतो. प्रत्यक्षात विणीच्या काळातील मादीचे उदर अंड्यांनी इतके भरलेले असते, की इतर इंद्रिये दिसतही नाहीत. मेदपिंडांचे आकारमान ऋतूनुसार बदलते. पुस्तकातील आकृती व समोरचा प्राणी यांचा मेळ का बसत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यास अशा वेळीच पडतो.

भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने (१९६०) पुस्तके, प्रतिकृती वा चित्रपट यांनी काम भागत असल्यास प्राण्यांवरील प्रयोग टाळण्याचे तत्त्व स्वीकारले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदने टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या व २०१४ मध्ये प्राणिविज्ञानाच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ती पूर्णपणे वगळली. प्राण्यांची हत्या व बेडकांची निसर्गातून होणारी पकड पाहता हा निर्णय समर्थनीय होता. तथापि संगणकावरील पूर्वतयारीनंतर करावयाची प्रत्यक्ष कृतीच त्यामुळे अभ्यासक्रमात उरली नाही.